खानदेशांतील विद्युत्तारा : जाडी व प्रवाहवहनशक्ति यांचा ऐतिहासिक विचार

(१) विषयप्रवेश

खानदेशच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, मोडी दप्तरें आणि बाडें हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात, व तें योग्यच आहे. पाटण येथील शके ११२८ चा चांगदेवाचा शिलालेख उपलब्ध नसता, तर भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं यादवकाळीं या प्रांतांत मठ स्थापन झाला होता, ही गोष्ट आज कोणास कळली असती? परंतु गेल्या पावणेदोनशें वर्षांचा इतिहास ज्यास लिहावयाचा आहे, त्यास तांब्याच्या पत्र्याबरोबर तांब्याची तारहि वाचतां आली पाहिजे. तारेवर अक्षरें कोरलेलीं नसतात, हें खरें. तथापि तिची जाडी, तिच्यांतील पदरांची संख्या, तिचा धातु आणि तिजवरील वेष्टण हीं चार लक्षणें तिचा काळ व तिचें काम सांगण्यास बहुधा पुरेशीं होतात.

जाड तार दिसली कीं ‘हिच्यांतून पुष्कळ वीज जात असली पाहिजे’ असें अनुमान करण्याचा प्रघात आहे. हें अनुमान सर्वत्र खरें नाहीं. तार जाड करण्यास निरनिराळ्या काळीं निरनिराळीं कारणें घडलीं. कोठें बळकटी हवी होती, कोठें विरोध कमी करावयाचा होता, कोठें तार तापून आग लागूं नये अशी काळजी होती. कारण ओळखल्यावांचून जाडीचा अर्थ लागत नाहीं. प्रस्तुत लेखांत धुळें व जळगांव या दोन जिल्ह्यांतून गेलेल्या तारांच्या आधारें हा भेद दाखवावयाचा आहे. या तीन कारणांपैकीं उष्णतेचें कारण खानदेशास विशेष लागू पडतें, व ज्यांच्या घरीं जुनीं दप्तरें आहेत त्यांनीं तर तें अवश्य जाणावें, असें आमचें प्रतिपाद्य आहे.

(२) आग्रा रस्त्यावरील लोखंडी तार

हिंदुस्थानांत तारायंत्राचा पाया घालणारा विल्यम ब्रुक ओशॉनेसी हा मूळचा वैद्य असून कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत रसायनशास्त्राचा अध्यापक होता. १८३९ सालीं त्यानें कलकत्त्याजवळ सुमारें वीस मैल लांबीची तार उभारून प्रयोग केले. १८५१ सालीं कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार झाली. १८५३ च्या नोव्हेंबरांत वायव्येकडील काम सुरू होऊन २४ मार्च १८५४ रोजीं आग्र्याहून निघालेला पहिला संदेश कलकत्त्यास पोहोंचला. आग्रा-मुंबई हा भाग त्याच सालीं जोडला गेला, आणि १ फेब्रुवारी १८५५ पासून पैसे भरून तार पाठविण्याची मुभा सर्व लोकांस मिळाली.

मुंबई व आग्रा यांमधील ही तार इंदूरवरून, म्हणजे आग्रा रस्त्याच्या मार्गानें गेली. हा रस्ता मालेगांवाकडून खानदेशांत येऊन धुळें, सोनगीर, नरडाणा, शिरपूर व पळासनेर या गांवांवरून सेंधव्याच्या घाटांत शिरतो. म्हणजे खानदेशांत वीज प्रथम आली ती दिव्यासाठीं नव्हे, निरोपासाठीं. आणि ती तांब्याच्या नव्हे, लोखंडाच्या तारेनें आली.

ओशॉनेसीनें डायमंड हार्बरच्या मार्गावर युरोपांतल्यासारखी बारीक तार न वापरतां तीन अष्टमांश इंच व्यासाची लोखंडी सळईच वापरली. गणितानें पाहतां तिचें वजन मैलामागें एकोणीसशें पौंडांहून अधिक भरतें. पुढील मार्गांवरहि त्यानें जाड तारेचाच आग्रह धरला. याचें कारण त्यानें स्वतःच दिलेलें आहे, आणि त्यांत विजेच्या प्रमाणाचा संबंध नाहीं. या देशांत तारेवर माकडें झोंके घेणार, घारी-कावळ्यांचे थवे बसणार, वादळांत झाडें उन्मळून तीवर पडणार. खांब मोडून सळई जमिनीवर आली तरी ती तुटूं नये व निरोप चालू राहावा, हा त्याचा हेतु होता. सेंधव्याच्या घाटासारख्या रानांत तर दुरुस्तीस माणूस पोहोंचण्यासहि वेळ लागावयाचा. याच घाटांत १८५७ च्या नोव्हेंबरांत खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या भिल्लांनीं सात लक्षांचा खजिना लुटला, व ११ एप्रिल १८५८ रोजीं अंबापाणीची लढाई झाली, हें वाचकांस ठाऊकच आहे. त्याच धामधुमींत उत्तर हिंदुस्थानांत शिपायांनीं तारेचे तुकडे करून बंदुकींत गोळीच्या जागीं घातले. तार किती जाड होती याचा याहून चांगला दाखला शोधण्याचें कारण नाहीं.

जाडीचें दुसरें एक कारण मात्र विजेशीं संबद्ध आहे. लोखंड हें तांब्याच्या सुमारें एकषष्ठांश इतकेंच वाहक आहे. म्हणून लांबच्या पल्ल्यावर विरोध आटोक्यांत ठेवावयाचा तर लोखंडाची तार जाड करणें भाग पडे. समुद्राखालील तारांतहि हेंच दिसून येतें. १८५८ सालीं अटलांटिक महासागरांत टाकलेल्या पहिल्या तारेंत दर सागरी मैलास १०७ पौंड तांबें होतें. ती थोड्याच आठवड्यांत निकामी झाली. १८६६ च्या यशस्वी तारेंत तेंच प्रमाण ३०० पौंडांवर नेलें. प्रवाह दोन्हींतहि अत्यल्पच होता. वाढविलें तें निरोपाचा वेग व स्पष्टता यांसाठीं.

(३) प्रिस याचा नियम व त्यावरून निघणारा निर्णय

वरील विधान नुसत्या तर्कावर न सोडतां आंकड्यांनीं तपासतां येतें. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व विरोधाच्या प्रमाणांत असते, हें जूल यानें १८४१ सालीं प्रसिद्ध केलें. प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट होते. किती प्रवाहानें कोणती तार वितळते हें ब्रिटिश टपालखात्यांतील तारविद्येचा अधिकारी विल्यम हेन्री प्रिस यानें १८८४ पासून पुढील चार वर्षांत प्रयोगानें ठरविलें. त्याचा नियम असा : इंचांत मोजलेल्या व्यासाचा घन करून त्याचें वर्गमूळ काढावें, व तें तांब्यासाठीं १०,२४४ नें आणि लोखंडासाठीं ३,१४८ नें गुणावें, येईल तितक्या अँपिअर प्रवाहानें ती तार वितळते.

आतां आग्रा रस्त्यावरील तार अगदीं कमी, म्हणजे पाव इंच जाडीची धरूं. पाव इंचाचा घन एक चौसष्टांश, त्याचें वर्गमूळ एक अष्टमांश. ३,१४८ चा अष्टमांश सुमारें ३९३. म्हणजे ती तार वितळण्यास जवळजवळ चारशें अँपिअर प्रवाह लागला असता. नियम मूळचा बारीक तारांसाठीं आहे, म्हणून हा आंकडा ठोकळ मानावा. परंतु तारायंत्राच्या बॅटरींतून जाणारा प्रवाह अँपिअरच्या कांहीं हजारांश किंवा फार तर कांहीं शतांश भागांइतकाच असे. क्षमता व उपयोग यांत कित्येक हजारपटींचें अंतर आहे. तेव्हां या तारेची जाडी हा विजेच्या विपुलतेचा पुरावा नसून वाटेच्या बिकटपणाचा पुरावा आहे, हा निर्णय निःसंशय होतो.

ही तारसेवा १८५५ पासून एकशें अठ्ठावन्न वर्षें चालून जुलै २०१३ च्या मध्यास बंद झाली.

(४) दिव्याची तार : ‘सात-वीस’ म्हणजे काय?

विजेचा दिवा आला आणि तारेचा प्रश्न पालटला. आतां तारेंतून हजारांश नव्हे, अनेक अँपिअर प्रवाह अखंड वाहूं लागला, व तोहि लाकडाच्या घरांतून. धोका प्रथम ओळखला तो विमेवाल्यांनीं. १८८२ या एकाच सालीं लंडनच्या फीनिक्स अग्निविमा कंपनीचे नियम, तसेच तेथील तारविद्यातज्ञांच्या मंडळाचे नियम प्रसिद्ध झाले. प्रवाहवहनशक्ति या कल्पनेचा जन्म हा असा आगीच्या भीतींतून झाला आहे. तार वितळण्याच्या पुष्कळ आधींच तिजवरील रबर करपतें; म्हणून तार किती प्रवाह सोसते हें धातूवर नव्हे, तर वेष्टणावर ठरतें, ही गोष्ट तेव्हांपासून मान्य झाली.

आरंभींचा ठोकळा असा होता कीं, तांब्याच्या एक चौरस इंच छेदास हजार अँपिअर. आपल्याकडील जुन्या वायरमनांच्या तोंडीं असलेलीं ‘एक-अठरा’, ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’ हीं नांवें त्याच परंपरेंतलीं आहेत. पहिला अंक पदरांचा. दुसरा इंग्लंडांत १८८४ पासून कायदेशीर झालेल्या तारमापाचा. मापाचा अंक जितका मोठा तितकी तार बारीक. ‘सात-वीस’ म्हणजे ०.०३६ इंच व्यासाचे सात पदर. त्यांचा एकूण छेद ०.००७१ चौरस इंच, म्हणजे आजच्या मापानें सुमारें ४.६ चौरस मिलिमीटर होतो. ‘तीन-बावीस’ सुमारें १.२ चौरस मिलिमीटर भरते. जुन्या ठोकळ्यानें ‘सात-वीस’ला सात अँपिअर येतात, पण ती त्याहून कितीतरी अधिक प्रवाह सोसते. कारण बारीक तारेस तिच्या छेदाच्या मानानें पृष्ठभाग अधिक असल्यामुळें ती लवकर निवते. हें लक्षांत आल्यावर एका ठोकळ्याऐवजीं प्रत्येक मापासाठीं वेगळे आंकडे देणारे तक्ते आले. अमेरिकेंत केनेली यानें एडिसनसाठीं १८८९ च्या सुमारास केलेले प्रयोग या बाबतींत प्रसिद्ध आहेत.

भारतांत १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर चौरस मिलिमीटरचें माप आलें, व १९६७ सालीं केबलांच्या प्रवाहवहनशक्तीसाठीं भारतीय मानक निघालें. म्हणून ज्या घरांत ‘सात-बावीस’ किंवा ‘तीन-वीस’ मापाची, कापडी वेण्यांची, रबरी वेष्टणाची तार लाकडी पट्टींत बसविलेली आढळते, ती बहुधा त्या संधिकालापूर्वींची किंवा जवळपासची समजावी. तांब्याच्या टंचाईच्या काळांत घराघरांतून बसविलेली अल्युमिनियमची तार हें त्यापुढील थराचें चिन्ह होय. नाण्यांच्या ढिगांत जसे राजवटींचे थर दिसतात, तसे एका वाड्याच्या भिंतींत तारांचे थर दिसतात.

(५) खानदेशचा उन्हाळा

वरील तक्ते कोठें तयार झाले हें पाहणें अगत्याचें आहे. तार किती तापेल हें प्रवाहावर जसें, तसेंच भोंवतालच्या हवेवरहि अवलंबून असतें. पी. व्ही. सी. वेष्टणास ७० अंश सेंटिग्रेड ही मर्यादा धरतात. हवा ३० अंश असेल तर तारेस तापण्यास ४० अंशांचा वाव मिळतो. हवा ४० अंश असेल तर तो ३० वर येतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें वाढत असल्यामुळें, वावांच्या गुणोत्तराचें वर्गमूळ काढलें कीं प्रवाहाचें प्रमाण मिळतें.

जळगांव-भुसावळकडे वैशाखांत पारा ४५ अंशांवर चढतो. विलायती हवामानाच्या ३० अंशांस जी तार शंभर अँपिअर सोसते, ती ४० अंशांस ८७, ४५ अंशांस ७९, आणि पत्र्याच्या छपराखालीं हवा ५० अंशांवर गेली तर ७१ अँपिअरच सोसते. भारतीय मानकांत हवा ४० अंश धरलेली आहे, ही सावधगिरी योग्यच. परंतु खानदेशचा उन्हाळा तीहि ओलांडतो. त्यांत आणखी भर अशी कीं, ज्या दुपारीं तारेची शक्ति सर्वांत कमी, त्याच दुपारीं तिच्यावर भार सर्वांत जास्त : घरांत कूलर, आणि यावल-रावेरकडील केळीच्या बागांत पाण्याचे पंप.

पंपाचें उदाहरण बोलकें आहे. पांच अश्वशक्तीची तीन-फेजची मोटर ४१५ व्होल्टांस सुमारें साडेसात अँपिअर घेते. लांबलेल्या वाहिनीच्या टोंकास दाब ३३० पर्यंत उतरला, तर तेंच काम करण्यास मोटर सुमारें साडेनऊ घेते, आणि तारेंतील उष्णता दीडपटीहून अधिक होते. तार आधींच बारीक असेल तर तिच्यांत दाब आणखी पडतो, व मोटर आणखी ओढते. मोटरी जळण्याचें मूळ पुष्कळदां मोटरींत नसून शेताच्या बांधावरून आलेल्या तारेच्या जाडींत असतें, तें यामुळें.

(६) दाब वाढविला कीं तार बारीक होते

प्रवाह कमी करावयाचा व काम तेवढेंच घ्यावयाचें, तर दाब वाढविणें हा एकच उपाय. याचा ठळक दाखला मुंबई-भुसावळ रेल्वेमार्गावर मिळतो. १९२५ पासून मुंबईकडे विजेची गाडी १,५०० व्होल्टांच्या एकदिश प्रवाहावर सुरू झाली, व १९३० पर्यंत ही पद्धति थळघाट चढून इगतपुरीस आली. तेथून भुसावळकडील भाग १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विजेवर आला तेव्हां २५,००० व्होल्टांची प्रत्यावर्ती पद्धति स्वीकारलेली होती.

तीन हजार किलोवॅट घेणारें एंजिन १,५०० व्होल्टांवर दोन हजार अँपिअर ओढतें. २५,००० व्होल्टांवर त्यास सुमारें १२० पुरतात. एकाच तारेंत दोन्ही प्रवाह घातले तर उष्णतेंत २७८ पटींचा फरक पडतो. म्हणूनच मुंबईकडील संपर्कतार १९३ चौरस मिलिमीटरची, तर भुसावळकडील १०७ चौरस मिलिमीटरची. दोन तारांचे तुकडे शेजारीं ठेवले आणि त्यांची माहिती नसली, तर जाड तुकडा अधिक सामर्थ्याच्या मार्गाचा असें कोणीहि म्हणेल. वस्तुस्थिति उलट आहे. मुंबईकडील शेवटचा एकदिश भागहि २०१६ पर्यंत पालटला गेल्यामुळें ती जाड तार आतां इतिहासाचीच वस्तु झाली आहे.

हीच रीति पुढें आणखी वाढली. भुसावळजवळ दीपनगर येथें १९६८ सालीं औष्णिक वीजकेंद्र सुरू झालें. २०१४-१५ च्या सुमारास धुळ्यास ७६५ किलोव्होल्टांचें उपकेंद्र होऊन औरंगाबाद (आतां छत्रपति संभाजीनगर) व बडोदें यांकडे त्याच दाबाच्या वाहिन्या गेल्या. अशा वाहिनींत एका तारेच्या जागीं चार तारांची जुडी असते. याचेंहि मुख्य कारण प्रवाह नव्हे. इतक्या दाबाला एकटी तार ठेवली तर तिच्या भोंवतालची हवाच फुटून करकर आवाज व वीजगळती होते; जुडी केल्यानें तारेचा परिघ मोठा झाल्यासारखा होऊन तें टळतें. या तारेचा गाभा पोलादाचा व वरील पदर अल्युमिनियमचे असतात. पोलाद भार सोसतें व अल्युमिनियम प्रवाह वाहतें. ओशॉनेसीच्या एका लोखंडी सळईस जीं दोन कामें करावीं लागत, तीं आतां दोन धातूंनीं वांटून घेतलीं आहेत. वाहिनी फार तापली तर ती लांबून खालीं झोळते, म्हणून येथेंहि उन्हाळ्यांत प्रवाहास मर्यादा घालावी लागते. धुळें हें गांव १८५४ सालीं लोखंडी तारेच्या वाटेवर होतें, आणि आजहि देशाच्या एका मोठ्या वीजवाटेवर आहे. स्थळ तेंच, तारेच्या जाडीचा अर्थ मात्र सर्वस्वीं पालटलेला.

(७) दप्तरसंग्राहकांस विनंति

या विवेचनाचा आमच्या वाचकांशीं निकट संबंध आहे. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यास वारले, आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठीं तेथें संशोधन मंडळ उभें राहिलें. परंतु खानदेशांतील सर्व कागद मंडळांत आलेले नाहींत. अजूनहि कित्येक वाड्यांत माळ्यावर, पत्र्याखालीं, सागवानी कपाटांत रुमाल बांधलेले आहेत, आणि त्याच भिंतींवरून साठ-सत्तर वर्षांपूर्वींची रबरी तार गेलेली आहे. ती बसविली तेव्हां तिजवर चार दिवे व एक पंखा होता. आज त्याच तारेवर कूलर, शीतकपाट व पाणी तापविण्याचें यंत्र चालतें. उष्णतेनें रबर कडक होऊन तडकतें. वेष्टणाचें आयुष्य दर आठ-दहा अंशांस निम्में होतें, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. अल्युमिनियमच्या तारेचे सांधे सैल पडून तेथें ठिणग्या उडतात. मध्यें रक्षक म्हणून फ्यूज ठेवलेला असतो. पण तो वारंवार जातो म्हणून त्यांत जाड तार बांधली जाते, आणि भिंतींतील तारच फ्यूज होऊन बसते. शनिवारवाडा १८२८ सालीं जळाला तेव्हां वीज नव्हती. आज कागद जळाले तर तें निमित्त आपणच घरांत वागविलेलें असेल.

तेव्हां दोन गोष्टी कराव्यात. ज्या खोलींत दप्तर आहे तिची तार जाणत्या माणसाकडून तपासवून घ्यावी, माप व भार यांचा मेळ पाहावा, आणि मेळ नसेल तर ती बदलावी. निदान दप्तराच्या खोलींतून जड भाराची तार नेऊं नये. आणि जी जुनी तार काढली जाईल, ती सर्वच्या सर्व भंगारांत घालूं नये. वीतभर तुकडा, पदरांची संख्या, सूक्ष्ममापकानें घेतलेला व्यास, वेष्टणाचा प्रकार, कोणत्या गांवच्या कोणत्या खोलींतून निघाला व बरोबर चिनी मातीचें कोणतें सामान होतें, इतकें एका चिठीवर लिहून ठेवावें. चालू तारेस कोणीं हात लावूं नये, हें सांगावयास नको.

आपल्या पूर्वजांच्या हातून किती ताम्रपट तांबटाच्या मुशींत गेले असतील, याची हळहळ आपण नेहमीं करतों. तांब्याची जुनी तार आज त्याच वाटेनें जात आहे. हिच्यावर दानाचा मजकूर नाहीं, राजाची मुद्रा नाहीं. परंतु या प्रांतांत वीज कशी आली, कोणत्या घरांत किती आली, आणि तिचा भार कोणीं कसा सोसला, याचा लेख तिच्या जाडींतच आहे.